दोनशे दहा मिनिटे आणि एक गोल

शंकर लक्ष्मण हे १९५६, १९६० आणि १९६४ या लागोपाठच्या तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारतीय हॉकी संघाचे गोलरक्षक होते. तिन्ही वेळा भारत अंतिम फेरीत पोहोचला, तिन्ही वेळा समोर पाकिस्तान होता आणि तिन्ही सामने १-० असेच संपले. त्यांतले दोन भारताने जिंकले, एक गमावला. हॉकीचा सामना तेव्हा ३५ मिनिटांच्या दोन डावांचा असे. म्हणजे २१० मिनिटांच्या खेळात भारताच्या गोलात चेंडू गेला तो फक्त एकदा. हे सामने भारत ज्या प्रतिस्पर्ध्याशी खेळला, त्याला भारतीय हॉकीची खोड न् खोड ठाऊक होती. हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महू येथे झाला. महू हे इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवरचे लष्करी छावणीचे गाव. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर सर जॉन माल्कम यांनी ही छावणी वसवली. इंदूरच्या दरबारावर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी बसवलेले हे ठाणे पुढे मध्य भारतातल्या मोठ्या लष्करी केंद्रांपैकी एक झाले. मराठी माणसाला महू माहीत असते ते बहुधा दुसऱ्या कारणाने. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक म्हणून तेथे होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी तेथेच त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्माला आले. २००३ पासून गावाचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर असे आहे.

छावणी म्हटली की मैदाने आली, आणि मैदानांबरोबर हॉकी. इंग्रज पलटणींनी हा खेळ हिंदुस्थानात आणला आणि छावणीच्या आसपासच्या पोरांनी तो कुंपणाबाहेरून पाहून उचलला. महूचे किशनलाल याच वातावरणात घडले. 'महू हीरोज' या स्थानिक संघातून खेळू लागलेल्या किशनलाल यांनी १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक हॉकी संघाचे नेतृत्व केले. त्या संघाने १२ ऑगस्टला अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरवले. स्वातंत्र्याला वर्ष पुरे व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते. एका लहानशा छावणीच्या गावाने पुढे आणखी एक भारतीय कर्णधार दिला. ते म्हणजे शंकर लक्ष्मण.

त्यांचे घराणे मूळचे राजस्थानचे, आडनाव शेखावत. मैदानावर मात्र ते आडनाव कधी लागले नाही. धावफलकावर, वर्तमानपत्रांत आणि पुरस्कारांच्या यादीत ते शंकर लक्ष्मण म्हणूनच राहिले. त्यांचा पहिला खेळ फुटबॉल. महूला लागून असलेल्या कोदरिया गावाच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. हॉकीची काठी हातात आली ती लष्करात गेल्यावर.

लष्करात ते १९४७ साली भरती झाले, तेही बँडमध्ये. वय जेमतेम चौदा. पलटणीचा बँड म्हणजे नुसते संचलनाला वाजवणारे वाद्यपथक नव्हे. युद्धकाळात याच बँडवाल्यांवर जखमींना स्ट्रेचरवरून मागे आणण्याची जबाबदारी पडते. पुढे त्यांची सारी सेवा मराठा लाइट इन्फंट्रीत झाली. १७६८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या या रेजिमेंटचे केंद्र बेळगावला, जवानांना लाडाचे नाव 'गणपत' आणि युद्धघोष शिवछत्रपतींच्या जयजयकाराचा. राजस्थानी घरातला, माळव्यात वाढलेला हा मुलगा मराठा पलटणीचा झाला आणि अखेरपर्यंत त्याच पलटणीचा राहिला. त्यांच्या कर्तृत्वावर मराठी माणसाचाही थोडा हक्क पोहोचतो तो यामुळे.

त्या काळात खेळ हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. हॉकीपटूला करार नव्हता, मानधन नव्हते. रेल्वे, पोलीस किंवा सेनादल यांपैकी कोठे तरी नोकरी लागली तरच सरावाला वेळ, पोषक आहार आणि स्पर्धांना जायची रजा मिळे. ध्यानचंद १९२२ साली साधे शिपाई म्हणून लष्करात गेले आणि तेथेच हॉकीपटू झाले. लक्ष्मण यांची वाटही तीच. पलटणीच्या सामन्यांतून ते सेनादलाच्या संघात आले आणि सेनादलाच्या संघातून भारताच्या.

गोलरक्षणाचे काम त्या वेळी कसे असे, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या खेळाची थोरवी ध्यानात येणार नाही. हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. चेंडू चामड्याचा, पांढरा रंग दिलेला, वजनाला साधारण १६० ग्रॅम आणि क्रिकेटच्या चेंडूसारखाच टणक. गोलरक्षकाच्या पायांना पॅड, बुटांवर किकर आणि हातांत साधे मोजे. डोक्यावर हेल्मेट नाही, तोंडावर जाळी नाही, छातीला आवरण नाही. मैदान गवताचे. त्यात एखादा उंचवटा आला की सरळ येणारा चेंडू अखेरच्या क्षणी उसळे. इतर खेळाडूंना चेंडू पायाने खेळता येत नाही. ती मुभा एकट्या गोलरक्षकाला, तीही 'डी'च्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, आत. चेंडू पॅडवर नुसता अडवून भागत नाही, कारण तो समोर पडला की दुसरा आक्रमक टपलेलाच असतो. चेंडू अडवता अडवता त्याच पायाने बाजूला धाडावा लागतो. फुटबॉलवर वाढलेल्या पायांना हे शिकवावे लागत नाही. लक्ष्मण यांच्या सफाईदार पदलालित्यामागे कोदरियाचे ते फुटबॉलचे मैदान आहे, असे म्हणायला हरकत नाही.

भारतीय हॉकीचा सुवर्णकाळ म्हटला की डोळ्यांपुढे येतात ते गोल. १९३२ मध्ये अमेरिकेवर २४, १९३६ च्या अंतिम सामन्यात जर्मनीवर ८, १९५२ मध्ये नेदरलँड्सवर ६ आणि त्यातले पाच एकट्या बलबीर सिंग यांचे. त्या दिवसांत गोलरक्षकाला फारसे काम नसे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये नागपुरात जन्मलेल्या रिचर्ड ॲलन यांनी भारताच्या गोलात एकही चेंडू जाऊ दिला नाही. ती कामगिरी मोठीच, पण तेव्हा जगातला एकही संघ भारताच्या जवळपास नव्हता.

फाळणीने हे चित्र बदलले. लाहोर आणि पश्चिम पंजाबातले हॉकीपटू पाकिस्तानकडे गेले. १९३६ साली बर्लिनला भारतातर्फे खेळलेले ए. आय. एस. दारा १९४८ साली पाकिस्तानचे कर्णधार म्हणून लंडनला उतरले. एकाच आखाड्यातले मल्ल दोन बाजूंना उभे राहिल्यासारखे झाले. शैली तीच, युक्त्या त्याच. युरोपातले संघही शिकत होते. १९५६ ते १९६४ या काळात भारताला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात चार-सहा गोल करणे जमले नाही. या काळातली सुवर्णपदके बचावाने मिळवली. या बचावाचे शेवटचे टोक म्हणजे शंकर लक्ष्मण.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हा बदल स्पष्ट दिसतो. गटात भारताने अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६ आणि सिंगापूरवर ६ गोल चढवले. उपांत्य सामन्यात मात्र जर्मनीविरुद्ध कसाबसा एक गोल झाला. अंतिम सामना ६ डिसेंबर १९५६ रोजी पाकिस्तानशी झाला. कर्णधार बलबीर सिंग यांचे बोट मोडलेले असूनही ते खेळत होते. आक्रमणाची धार बोथट झाली होती. सामन्यातला एकुलता एक गोल आला तो पेनल्टी कॉर्नरवर, रणधीर सिंग जेंटल यांच्या काठीतून. जेंटल हे फुलबॅक, म्हणजे बचावपटू. एका बचावपटूने गोल केला आणि २३ वर्षांच्या गोलरक्षकाने तो शेवटपर्यंत राखला. स्पर्धेतल्या पाच सामन्यांत भारताचे ३८ गोल झाले आणि भारतावर एकही झाला नाही.

त्याच दिवशी पहाटे दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले होते. महूत जन्मलेला एक महामानव जग सोडून गेला आणि त्याच तारखेला महूतच जन्मलेला एक तरुण जवान जगाच्या दुसऱ्या टोकाला भारताचे सुवर्णपदक राखत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही छावणीच्या एका गावाच्या इतिहासात ६ डिसेंबर १९५६ ही तारीख दोनदा लिहावी लागते.

यानंतरची चार वर्षे पाकिस्तानच्या चढाईची होती. १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई स्पर्धेत हॉकीचा प्रथमच समावेश झाला. भारत आणि पाकिस्तान यांचा सामना ०-० असा सुटला, दोघांचे गुणही सारखेच झाले, पण गोलांच्या सरासरीवर सुवर्णपदक पाकिस्तानने नेले. पराभव न होता पदकाचा रंग बदलण्याची ही वेळ बचावपटूंना विशेष झोंबणारी असणार.

मग १९६० चे रोम ऑलिंपिक. लेस्ली क्लॉडियस कर्णधार. उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाशी १-० आणि उपांत्य सामन्यात ब्रिटनशी १-० असे दोन निसटते विजय मिळवून भारत अंतिम फेरीत आला. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये भारत लागोपाठ ३० सामने जिंकला होता. ९ सप्टेंबर १९६० रोजी ही साखळी तुटली. पूर्वार्धातच नसीर बुंदा यांनी गोल केला आणि उरलेल्या वेळात भारताला त्याची परतफेड करता आली नाही. संपूर्ण स्पर्धेत भारतावर दोनच गोल झाले होते, एक नेदरलँड्सचा आणि दुसरा हा. सहा सामन्यांत दोन गोल देणारा गोलरक्षक कोणत्याही संघात वाखाणला गेला असता. पण ३२ वर्षांची मक्तेदारी गेल्याच्या दुःखात असा हिशेब मांडायला कोणाला वेळ नव्हता. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतही पाकिस्तानने अंतिम सामना २-० असा जिंकला. भारतीय हॉकी उतरणीला लागली, अशी भाषा सुरू झाली.

त्या भाषेला उत्तर मिळाले ते १९६४ साली टोकियोत. चरणजित सिंग यांच्या नेतृत्वाखालचा हा संघ डोळे दिपवणारा नव्हता. जर्मनीशी आणि स्पेनशी १-१ अशी बरोबरी झाली, नेदरलँड्सशी सामना २-१ असा जेमतेम सुटला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाला ३-१ असे हरवून संघ अंतिम फेरीत आला, तेव्हा समोर पुन्हा पाकिस्तान.

२३ ऑक्टोबर १९६४. कोमाझावाचे मैदान. पूर्वार्धात गोल नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीला पृथिपाल सिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर मारलेला फटका पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायावर आदळला. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला आणि मोहिंदर लाल यांनी गोल केला. त्यानंतर उरला तो लक्ष्मण यांचा सामना. पाकिस्तानने सगळे बळ पुढे लावले आणि पेनल्टी कॉर्नर मिळवले.

पेनल्टी कॉर्नर ही गोलरक्षकाची खरी कसोटी असते. गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलला जातो. 'डी'च्या कडेला एक जण तो थांबवतो, आणि त्या काळी तो हाताने थांबवायलाही परवानगी होती. तिसरा धावत येऊन पूर्ण ताकदीने फटका मारतो. गोलापासूनचे अंतर सुमारे १५ मीटर. चेंडू कोठे येणार हे पाहून हलायला वेळ नसतो. मारणाऱ्याचा खांदा आणि काठीचा कल पाहून शरीर आधीच हलवावे लागते. पुढे धावणारे आपलेच बचावपटू मध्ये येऊन दृष्टी अडवतात. उघड्या तोंडाने, साध्या मोज्यांनी लक्ष्मण त्या फटक्यांपुढे उभे राहिले आणि एकामागून एक परतवत गेले. सामना १-० असाच संपला. रोमला गेलेले सुवर्णपदक परत आले. ऑस्ट्रेलियातल्या एका हॉकी मासिकाने तेव्हा अशा आशयाचे लिहिले की, लक्ष्मण यांना हॉकीचा चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा. कोदरियाच्या फुटबॉल कर्णधाराला याहून चपखल दाद मिळाली नसती.

त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी त्यांच्याकडे संघाचे नेतृत्व आले. गोलरक्षकाला कर्णधार करणे ही तेव्हा न ऐकलेली गोष्ट. संघनायक असावा तो मधल्या फळीत, साऱ्या खेळाशी लगटून, असा समज होता. आंतरराष्ट्रीय हॉकी संघाचे नेतृत्व करणारे पहिले गोलरक्षक म्हणून लक्ष्मण यांचे नाव घेतले जाते. गोलातून सगळे मैदान समोर दिसते, कोण कोठे मोकळा आहे हे त्याच्याइतके कोणालाच दिसत नाही, हा विचार त्यामागे असेल तर तो योग्यच ठरला. अंतिम सामना अर्थातच पाकिस्तानशी झाला. तो जादा वेळेपर्यंत गेला आणि भारताने १-० असा जिंकला. आशियाई स्पर्धेतले भारताचे हे हॉकीतले पहिले सुवर्णपदक. १९६७ साली लक्ष्मण यांना पद्मश्री मिळाली.

पुढच्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकच्या संघातून त्यांचे नाव वगळले गेले. त्या संघाला पृथिपाल सिंग आणि गुरबक्ष सिंग असे दोन संयुक्त कर्णधार देण्यात आले होते, आणि या निर्णयाने जे व्हायचे ते झाले. भारत प्रथमच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचला नाही आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. लक्ष्मण असते तर निकाल वेगळा लागला असता, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण दोनच वर्षांपूर्वी देशाला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या कर्णधाराला संघात जागाही नसावी, ही गोष्ट पटणारी नाही. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द येथे संपली.

लष्करातली नोकरी मात्र चालू राहिली. १९७९ साली ते मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टनच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. बँडमधल्या पोरापासून कॅप्टनपर्यंतचा हा ३२ वर्षांचा प्रवास. निवृत्तीनंतर ते महूलाच राहिले. याच सुमारास हॉकीचा खेळ मुळापासून बदलत होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम गवतावर सामने झाले. चेंडूचा वेग वाढला आणि गोलरक्षकाच्या अंगावर हेल्मेट, छातीचे कवच, जाड फोमचे पॅड आले. लक्ष्मण ज्या साहित्यानिशी खेळले, त्यात आजचा गोलरक्षक सरावालाही उभा राहणार नाही.

अखेरची वर्षे हलाखीत गेली. एका पायाला गँगरीन झाले. ज्या पायांनी तीन ऑलिंपिकमधले चेंडू परतवले, त्यांतलाच तो एक. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथे त्यांचे निधन झाले. वय ७२. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि एक रौप्य, आशियाई स्पर्धेतले एक सुवर्ण आणि दोन रौप्य, अर्जुन आणि पद्मश्री, एवढे सारे पदरी असलेल्या खेळाडूला उतारवयात ओढाताण सोसावी लागली. खेळ संघटनांनी आणि सरकारने याची वेळीच दखल घ्यायला हवी होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये, पुन्हा टोकियोतच, जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात अखेरच्या क्षणी मिळालेला पेनल्टी कॉर्नर पी. आर. श्रीजेश यांनी अडवला, तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीसमोर उभा राहिला. भारताला ४१ वर्षांनी ऑलिंपिक हॉकीत पदक मिळाले आणि एका गोलरक्षकाचे नाव घराघरांत पोहोचले. श्रीजेश यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्वही केले होते. गोलरक्षकाला कर्णधार करण्याची वाट त्याच्या ५० वर्षे आधी बँकॉकला लक्ष्मण यांनी पाडलेली होती.

दरवर्षी १४ एप्रिलला महाराष्ट्रातून हजारो माणसे बाबासाहेबांच्या जन्मस्थळाला वंदन करायला महूला जातात. छावणीच्या त्या रस्त्यांवरून परतताना त्यांनी एकदा कोदरियाच्या बाजूला वळावे आणि बरोबर आलेल्या मुलांना शंकर लक्ष्मण यांचे नाव सांगावे.